साक्ष कोणाची चालते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मतिमंद मुलांची निवासी शाळा आहे आणि तिला जोडून अठरा वर्षांवरील मतिमंदांची कार्यशाळा आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. एका संस्थेची तक्रार करणे हा या लेखाचा हेतू नाही. तिथे तपासणी होती आणि गावातले शिक्षक म्हणून मला व आणखी दोघांना हजर राहण्यास सांगितले होते. अंगणात सडा पडलेला होता. मुलांच्या अंगावर घडी न मोडलेले कपडे होते. भिंतीवरच्या फुले, शाहू, आंबेडकरांच्या तसबिरींना ताजे हार होते. दोन जीपगाड्यांतून साहेबमंडळी आली. हजेरीपट पाहिला, खाटा मोजल्या, कोठीघरातील धान्याच्या पोत्यांवर हात फिरवला आणि पंगत बसली तेव्हा वाटीभर वरण चाखून पाहिले. त्या वेळी कार्यशाळेतला तिशीतला एक माणूस पंगतीतून उठला आणि मोठ्याने म्हणाला, "आज वरन घट हाय जी!"

सगळे हसले. काळजीवाहकाने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेले. अधीक्षक म्हणाले, "लक्ष देऊ नका साहेब, त्याला काही समजत नाही." शेरेबुकात 'एकंदर व्यवस्था समाधानकारक' असा शेरा लिहिला गेला. त्या शेऱ्याखाली माझीही सही आहे.

परतताना एस.टी.त बसल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या दिवशी खरी तपासणी एकानेच केली होती. आज वरण घट्ट आहे, म्हणजे रोज ते पातळ असते. हजेरीपट, खाटा आणि पोती पाहून जे आम्हां सहा-सात शिकलेल्या माणसांना कळले नाही, ते त्याने चार शब्दांत सांगितले. आम्ही ते ऐकले आणि त्यालाच बाहेर काढले.

आता जगात काही देशांत अशी पद्धत पडली आहे की ज्या संस्थांमधून मतिमंद माणसांची देखभाल होते, त्या संस्था तपासण्यासाठी मतिमंद माणसांनाच नेमावयाचे, त्यांना त्याचे वेतन द्यावयाचे आणि त्यांचे म्हणणे अहवालात नोंदवावयाचे. हा विषय आपल्या वाचकांना दूरचा वाटेल. जातीच्या प्रश्नाने घर पेटलेले असताना हे कुठले नवीन, असेही कुणी म्हणेल. परंतु साक्ष कोणाची चालते आणि कोणाची चालत नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या अगदी मुळाशी आहे. त्याचा इतिहास पाहिला तर अस्पृश्य आणि मतिमंद हे दोघे एकाच ओळीत उभे केलेले दिसतात. 'एकाच ओळीत' हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कोणाला साक्षीदार करू नये याची यादी आहे. त्या यादीच्या एकाच श्लोकार्धात म्हातारा, लहान मूल, एकटा साक्षीदार, अंत्य आणि विकलेंद्रिय, म्हणजे ज्याचे इंद्रिय अधू आहे तो, असे सलग येतात. लगेच पुढच्या श्लोकात उन्मत्त, म्हणजे वेडा, येतो. अंत्यजाला पुढे एक सवलत आहे. त्याने फक्त अंत्यजांच्या व्यवहारात साक्ष द्यावी. सवर्णाविरुद्ध त्याचा शब्द नाही. सातव्या अध्यायातले कलम तर याहून बोलके आहे. राजा मसलतीला बसला म्हणजे जड, मुका, आंधळा, बहिरा, म्लेंच्छ, स्त्री, रोगी, व्यंग असलेला, या सर्वांना तेथून दूर करावे असे ते सांगते. जड म्हणजे आज आपण ज्याला मतिमंद म्हणतो तो. आणि कारण काय दिले आहे? अपमानित माणसे मसलत फोडतात! म्हणजे त्यांना काही समजत नाही म्हणून काढावयाचे नाही. त्यांना समजते आणि ती बाहेर सांगतात, म्हणून काढावयाचे. स्मृतिकाराचा हा प्रांजळपणा आमच्या अधीक्षकांत नव्हता, इतकेच.

नवव्या अध्यायात वारसाहक्काची व्यवस्था आहे. जन्मांध, बहिरा, वेडा, जड, मुका यांना वाटा नाही. मात्र शहाण्याने त्यांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावे, न देईल तो पतित होतो, असेही तिथेच म्हटले आहे. हे दोन श्लोक शेजारी ठेवून वाचावेत. अन्न मिळेल, वस्त्र मिळेल; वाटा मिळणार नाही आणि शब्दही मिळणार नाही. आपल्याकडे ज्याला दया म्हणतात तिचा सगळा आराखडा यात आहे. अनुदानावर चालणाऱ्या आजच्या संस्थांचा आराखडा याहून फारसा निराळा असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आपण ते अस्पृश्यांच्या आणि स्त्रियांच्या मुक्तीचे प्रतीक मानतो आणि ते योग्यच आहे. पण त्या आगीत जड-मूकांना वगळणारी पानेही जळाली, याची आठवण आपण ठेवली नाही. कायद्याने मात्र सावकाश का होईना, ती पाने एकेक करून फाडली. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११८ व्या कलमाने प्रत्येक माणूस साक्षीला पात्र ठरविला. प्रश्न समजत नसेल किंवा सुसंगत उत्तर देता येत नसेल तरच अपवाद, आणि वेडा माणूसदेखील केवळ वेडा आहे म्हणून अपात्र ठरत नाही. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही हे तत्त्व टिकले आहे. वारसाहक्काचे गाडे अधिक रेंगाळले. १९२८ च्या कायद्याने अपंगांना वारशातून वगळण्याची प्रथा मोडली, पण जन्मतः वेडा किंवा जड असलेल्यास बाहेरच ठेवले. महाडच्या दहनानंतरच्या वर्षीची ही गोष्ट. तो दरवाजा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने उघडला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच बिलाचा हा एक तुकडा.

कागदावर साक्षीचा हक्क आला. तपासणीचा हक्क ही मात्र वेगळी बाब आहे. साक्षीदार बोलावल्यावर येतो आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन जातो. तपासनीस स्वतः दार उघडतो आणि काय पाहावयाचे ते स्वतः ठरवतो. आपल्या समाजाने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे.

गावगाड्यात महाराची सावली चालत नव्हती, पण शिवेचा तंटा पडला की त्याच महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे. तो शीव चालून दाखवी. पाटलाचे कागद आणि कुळकर्ण्याची दप्तरे बाजूला पडत, कारण शीव रोज तुडवणारा तोच होता. वर्णव्यवस्थेचा गाडा ओढणाऱ्यांनाही एवढे कळत होते की ज्याचे पाय तिथे पडतात त्याचे ज्ञान कागदापेक्षा खरे. हे शहाणपण त्यांनी शिवेपुरते राखून ठेवले. विहीर, देऊळ, शाळा यांच्याबाबतीत ते वापरले नाही.

शाळेबाबत ते वापरावे असा आग्रह जोतीरावांनी धरला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी शिक्षणखात्याची झाडाझडती घेतली आणि प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत असे सुचविले. ज्यांच्यासाठी शाळा, त्यांच्यातलाच माणूस शाळेत हवा, हा त्यामागचा विचार आहे.

याचा पुढचा टप्पा म्हणजे १९२८ च्या नोव्हेंबरात मुंबई सरकारने नेमलेली स्टार्ट कमिटी. अस्पृश्य आणि आदिवासी जातींची शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थिती तपासण्यासाठी ही कमिटी होती. तिच्यावर बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी हे अस्पृश्यांतले सभासद होते. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्याने कमिटीचे पाय इकडे लागले नाहीत. तरीही तिचे महत्त्व आपल्याला आहेच. ज्यांची पाहणी करावयाची त्यांच्यापैकी कोणीतरी पाहणी करणाराच्या खुर्चीत बसला, ही गोष्ट आपल्या इतिहासात फार थोड्या वेळा घडली आहे.

त्या खुर्चीची किंमत काय पडली, हे चाळीसगावला कळले. ऑक्टोबर १९२९ मध्ये कमिटीच्या कामाने बाबासाहेब खानदेशात होते. धुळ्याकडच्या एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर स्वागताला आलेल्या मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. महारवाड्यापर्यंत न्यावयास टांगा हवा होता, आणि महाराला टांग्यात बसवून हाकावयास एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला मानवेना. मग तोड निघाली: टांगा भाड्याने घ्यावयाचा, हाकावयाचा आपल्यापैकी कोणीतरी. हाकणाराला टांगा हाकण्याची सवय नव्हती. फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळला. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली, आणि ती लिहिलेली पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध झाली.

या प्रसंगाकडे आपण सहसा अपमानाची कथा म्हणून पाहतो. मला तिच्यात तपासणीची एक पद्धतही दिसते. त्याच कमिटीतला एखादा सवर्ण सभासद चाळीसगावला उतरला असता तर त्याला टांगा मिळाला असता, आणि टांगेवाले अस्पृश्यांना नेत नाहीत ही बाब त्याला कुणी सांगितल्याखेरीज कळली नसती. बाबासाहेबांना ती स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच कळली. जे तपासावयाचे ते तपासनिसाच्या अंगावरच आले. कमिटीचा अहवाल १९३० च्या मार्चमध्ये आला. त्यानंतर मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला आणि त्याच वंशावळीत पुढे महाराष्ट्राचे समाजकल्याण खाते उभे राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग निघेपर्यंत मतिमंदांच्या शाळा आणि कार्यशाळा याच खात्याकडे होत्या. म्हणजे स्टार्ट कमिटीचे नातवंड म्हणता येईल अशा खात्याने इतकी वर्षे या संस्था तपासल्या, पण आजीचा हा एक गुण त्याने घेतला नाही.

येथे शब्दांविषयी थोडे. 'मतिमंद' हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण संस्थांच्या पाट्यांवर तोच आहे. आमच्या वऱ्हाडी वस्तीत तर सरळ 'बह्याड' म्हणतात. आता सरकारी कागदावर 'बौद्धिक दिव्यांग' आले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचविला, तेव्हा अनेक अपंग संघटनांनी तो नाकारला. आपल्याला यात नवल वाटू नये. 'हरिजन' हा शब्दही असाच वरून आला होता, त्यातही देव होता, आणि आपण तो याच कारणासाठी नाकारला. ज्याचे नाव ठेवावयाचे त्याला विचारले नाही, ही पहिली तक्रार. देवाचे नाव दिल्याने वरण घट्ट होत नाही, ही दुसरी.

महाराष्ट्रात मतिमंदांसाठीची कामे स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत सुरू झाली. १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला मतिमंद मुलांचे गृह चालविले आणि १९४४ साली जय वकील शाळा निघाली. पुढे अनुदान आले आणि संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या. यात प्रामाणिकपणे आयुष्य घालविणारी माणसे आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण चांगली संस्था आणि वाईट संस्था यांतला फरक बाहेरच्याला कळावा कसा? शेरेबुक दोन्हीकडे सारखेच असते.

१९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले गेले ते असे की या मुलींना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. या निर्णयात डॉक्टर होते, अधिकारी होते, संस्थाचालक होते. ज्यांची शरीरे होती त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. त्यांना विचारले असते तर त्यांनी कदाचित पाणी, कपडा, बंद होणारे दार आणि शिकवणारी एक बाई मागितली असती. हा माझा तर्क आहे. तो तर्कच राहिला, कारण प्रश्न विचारलाच गेला नाही.

२०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या आश्रमातील कुपोषण आणि मृत्यूंच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा गृहांच्या पाहणीची चक्रे फिरली. त्या पाहणीच्या ओघातच २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीच्या गृहातील मुलींवरचे लैंगिक अत्याचार उजेडात आले. २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थेच्या चालकाला दोषी ठरविले. त्या गृहालाही कागद होते. बिहारमध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने राज्यातील निवारागृहांचे सामाजिक अंकेक्षण केले आणि २०१८ मध्ये मुझफ्फरपूरचा प्रकार बाहेर आला. सरकारी तपासनीस तिथे आधीही येऊन गेले होते. 'कोशिश'च्या कार्यकर्त्यांनी वेगळे काय केले? ते मुलींशी बोलत बसले.

आता परदेशाकडे वळू. लंडनमध्ये १९८४ पासून 'पीपल फर्स्ट' नावाची मतिमंदांची स्वतःची संघटना आहे. लंडनच्याच हिलिंग्डन भागात मतिमंदांना मोठ्या इस्पितळांतून काढून छोट्या घरांत ठेवण्यात आले होते. ही घरे कशी चालली आहेत याची पाहणी या संघटनेच्या दोघा मतिमंद सभासदांनी एका संशोधिकेसोबत केली आणि १९९१ साली तिचा अहवाल निघाला. अहवालावर तिघांचीही नावे लेखक म्हणून आहेत. पुढे २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी इस्पितळात मतिमंद रुग्णांना होणारी मारहाण बी.बी.सी.ने छुप्या कॅमेऱ्याने दाखविली. तिथल्या एका परिचारकाने सरकारी देखरेख आयोगाकडे आधीच तक्रार केली होती आणि आयोगाने ती दुर्लक्षिली होती. मग आयोगाने देशभरातील अशा १५० संस्था तपासल्या. त्या तपासणी-पथकांत ज्यांनी स्वतः अशा सेवा घेतल्या आहेत त्यांना आणि रुग्णांच्या घरच्यांना घेतले. त्यांना नाव दिले 'अनुभवाने तज्ज्ञ झालेले'. २०१२ च्या अहवालात जवळपास निम्म्या संस्था निकषांत बसत नसल्याचे निघाले.

इंग्लंडचे गोडवे गाण्याचे कारण नाही. २०१६ साली या अनुभवी तज्ज्ञांचे कंत्राट एका खाजगी कंपनीकडे गेले आणि त्यांचे मानधन जवळपास निम्म्यावर आणण्याचे ठरले. तेव्हा ओरड झाली. रोजंदारीची गोष्ट आली की साहेबाचा देशही आपल्या ओळखीचा होतो.

न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन यांची हकीकत मात्र कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावी. १९५७ चा जन्म. दीड वर्षाचे असताना त्यांना मतिमंदांच्या संस्थेत टाकले गेले. २०१६ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीवर निवडून आले. त्या समितीवर निवडून आलेले ते पहिलेच मतिमंद सभासद. देशोदेशींच्या सरकारांच्या प्रतिनिधींना ते समोर बसवून प्रश्न विचारीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते वारले. ज्या करारानुसार ही समिती आहे तो भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला आहे. देखरेखीच्या प्रक्रियेत अपंग व्यक्तींचा पूर्ण सहभाग असावा, असे त्याच्या ३३ व्या कलमात आहे.

आपल्याकडच्या कायद्यांची गोष्ट राखीव जागांचा लढा लढलेल्यांना चटकन कळेल. १९९५ च्या अपंग कायद्याने नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या, पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यासाठी. मतिमंद हा व्याख्येत अपंग होता, नोकरीत नव्हता. २०१६ च्या कायद्याने टक्के ४ केले आणि त्यातला एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार इत्यादींना एकत्र मिळून दिला. म्हणजे एकवीस वर्षे ते दाराबाहेर होते. २०१६ च्या कायद्याचे ४८ वे कलम अपंगांशी संबंधित योजनांचे सामाजिक अंकेक्षण सरकारने करावे असे सांगते. कोणाच्या हातून, हे ते सांगत नाही.

या सर्वांत आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. तो स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात झालेले, मतिमंद आणि बहुविकलांग यांच्यासाठीच केला आहे. त्याच्या १३ व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिघे असतात. मतिमंद प्रौढांचे पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. यवतमाळलाही ही तरतूद लागू आहे. कायदा मतिमंदांचा, पण त्यातली अपंगाची जागा मतिमंदालाच मिळावी असे बंधन नाही. माझ्या पाहण्यात या जागी अस्थिव्यंग किंवा अंध व्यक्तीच आलेली आहे. अस्पृश्यांच्या कमिटीवर अस्पृश्येतर मागासाला बसवून प्रतिनिधित्व झाले असे म्हणण्यासारखे हे आहे. बाबासाहेबांनी ते मानले असते काय? आणि मतिमंदाला तिथे बसवू नये असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. जागा आहे, मागणारा नाही.

मागणारा का नाही, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. २०११ च्या जनगणनेत देशात एकूण लोकसंख्येच्या २.२१ टक्के लोक अपंग नोंदले गेले; अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होते. मतिमंद म्हणून नोंदलेले १५ लाखांवर होते. बाळंतपणात वेळेवर न मिळालेली मदत, आईचे कुपोषण, लहानपणीचे ताप यांतून येणारे मतिमांद्य गरिबाच्या घरी अधिक येणार हे उघड आहे. तरीही आपल्या मोर्चांत, परिषदांत, ठरावांत तो नाही. आपण 'शिका' या एका शब्दावर उभे राहिलो आणि पदवी हे आपल्या माणूसपणाचे प्रमाणपत्र झाले. ज्याला अक्षर येत नाही आणि येणारही नाही, त्याचे काय? आपली बुद्धी त्यांच्याइतकीच आहे, हे सिद्ध करण्याच्या धडपडीत ज्याची बुद्धी कमी आहे त्याला आपण नकळत मागच्या दारी बसविले. माझ्या घरात असा एक चुलतभाऊ होता. पाहुणे आले की आजी त्याला गोठ्यात पाठवी. मी तेव्हा कॉलेजात होतो, वादविवाद स्पर्धेत समतेवर बोलत होतो, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

आक्षेप येतील. पहिला असा की मतिमंदाला पढवून ठेवता येते, तो विचारणाराला हवे तेच बोलतो. यात तथ्य आहे. 'जेवण चांगले आहे ना?' असे विचारले तर पुष्कळ मतिमंद माणसे 'हो' म्हणतात; परदेशातल्या अभ्यासांतही हे आढळले आहे. परंतु साहेबाच्या तोंडून आलेल्या अशा प्रश्नाला शेतमजूरही 'हो'च म्हणतो! दोष प्रश्नाचा आणि खुर्चीचा आहे. दोन चित्रे पुढे ठेवून कोणते तुझे म्हणून विचारले, एकच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी विचारली, आणि विचारणारा त्याच्यासारखाच असला, तर उत्तर बदलते. ज्याला मुळीच बोलता येत नाही त्याची नखे, केस, वजन, पाठीवरचे व्रण बोलतात. ते कुठे पाहावयाचे, हे संस्थेत राहिलेल्यालाच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अज्ञानाचा. ज्याला वाचता येत नाही तो हिशेब काय तपासणार? राजस्थानात १९९४-९५ पासून ज्या जनसुनावण्या झाल्या, त्यांत निरक्षर मजूर बायांनी मस्टर ऐकून त्यातली मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे ओळखून काढली. वाचून दाखवणारा दुसरा होता, तपासणाऱ्या त्या होत्या. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमात ग्रामसभेकडून अंकेक्षण आले. आपल्या जिल्ह्यात रोहयोच्या कामावर गेलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक मुद्दा वेतनाचा. तपासणीला आलेल्या साहेबाला प्रवासभत्ता मिळतो, दैनिक भत्ता मिळतो. मतिमंद तपासनिसाला हार, नारळ आणि सहभागाचे प्रमाणपत्र देऊन घरी पाठवले तर ती पुन्हा दयाच झाली. कार्यशाळेत तो दिवसभर खडू आणि मेणबत्त्या बनवतो, त्याचे त्याला काय मिळते हेही त्याच तपासणीत पाहिले जावे.

आम्ही काही शिक्षक, दोन मतिमंदांच्या आया आणि एक निवृत्त तलाठी अशांनी मिळून एक अर्ज केला आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. स्थानिक स्तर समितीवरील अपंग व्यक्तीची जागा पुढच्या वेळी मतिमंद व्यक्तीला द्यावी आणि तिला हवा तो मदतनीस सोबत घेऊ द्यावा. जिल्ह्यातील निवासी संस्थांच्या प्रत्येक तपासणीत दुसऱ्या संस्थेत राहिलेले निदान दोन मतिमंद प्रौढ असावेत आणि त्यांना इतर सभासदांइतकाच भत्ता असावा. तिसरी मागणी निवृत्त तलाठ्यांनी सुचविली: तपासणीची तारीख आधी कळवू नये. अर्जावर सह्या आहेत आणि सहा अंगठे आहेत. त्यांतला एक अंगठा, वरण घट्ट आहे असे सांगणाऱ्याचा आहे. अर्ज वाचून दाखवल्यावर त्याने विचारले, "मले भी जीपीत बसवतीन का जी?"

अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर आलेले नाही.